काखेत कळसा : सातपुड्याच्या वर्गातला जगाचा भूगोल

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवनात, दिवसाढवळ्या झाडावर बसलेला एक लहानखुरा पक्षी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तीन पक्षिअभ्यासकांच्या नजरेस पडला. तो वनपिंगळा होता. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे त्याच्या अस्तित्वाचा विश्वासार्ह पुरावा कोणालाही मिळालेला नव्हता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते आणि तो नामशेष झाला असावा, असेच बहुतेकांनी धरून ठेवले होते. या पक्ष्याचा शोध इतकी वर्षे भरकटला, याचे एक कारण मोठे उद्बोधक आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याची नोंद केली होती. ती नोंद साफ खोटी निघाली. खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात गोळा केलेला नमुना संग्रहालयातून चोरून त्याने त्यावर आपली चिठ्ठी डकवली होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींकडे वळलेल्या अभ्यासकांना शहादा-तळोद्याच्या जंगलांची वाट सापडली आणि पक्षीही सापडला.

त्या वेळी शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे वनपिंगळ्याच्या पुनर्शोधानंतर जेमतेम सात महिन्यांनी. जगाच्या जीवशास्त्रात ज्या भूमीचे नाव अशा रीतीने कोरले गेले, त्या भूमीतील शाळांच्या किती वर्गांत ही कथा सांगितली जाते? शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा येथील किती विद्यार्थी आपले जंगल जगाच्या नकाशावर कोठे बसते हे सांगू शकतील? हा प्रश्न केवळ एका पक्ष्यापुरता असता तर त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. आपल्या मुलांना जग कोठून दाखवायचे, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचा विचार होणे अगत्याचे आहे.

जगाचे नैसर्गिक प्रदेश आपल्या अभ्यासक्रमात नाहीत, असे मुळीच नाही. २०१७ साली आलेल्या सातवीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘नैसर्गिक प्रदेश’ हा पाठ आहे आणि ‘भरती-ओहोटी’ हाही आहे. टुंड्रा, तैगा, गवताळ प्रदेश, उष्ण वाळवंटे, विषुववृत्तीय वने, मोसमी प्रदेश यांची ओळख तेथे करून दिलेली आहे. पुढे अकरावीत विद्यार्थ्याला शास्त्रज्ञ ज्याला बायोम म्हणजे जीवसंहती म्हणतात, ती संकल्पना भेटते. उणीव पुस्तकात आहे त्याहून अधिक ती शिकवण्याच्या परिपाठात आहे. टुंड्रा म्हणजे रेनडिअर आणि इग्लू, वाळवंट म्हणजे उंट आणि खजूर, सागर म्हणजे देवमासा आणि प्रवाळ, अशा जोड्या जुळवून घेतल्या जातात, त्या परीक्षेत उतरवल्या जातात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरल्या जातात. विद्यार्थ्याच्या मनावर ठसा उरतो तो एवढाच की, निसर्ग नावाची जी भव्य गोष्ट आहे ती फार दूर, परक्या देशांत कोठेतरी असते. शाळेच्या खिडकीतून दिसणारा डोंगर त्या गोष्टीत मोडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सातपुड्याचे जंगल ही स्वतःच जगातील एक प्रमुख जीवसंहती आहे. साग, मोह, टेंभुर्णी, सालई, धावडा, ऐन, अंजन, पळस यांचे हे वन उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी वनांच्या विशाल कुळातले आहे. या वनाचे भाऊबंद मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, मध्य अमेरिकेत, मादागास्करच्या पश्चिम भागात पसरलेले आहेत. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ सालीच असे प्रतिपादन केले की, उष्ण कटिबंधातील प्रमुख परिसंस्थांपैकी सर्वाधिक संकटात असलेली परिसंस्था ही सदाहरित वर्षावने नसून शुष्क वने आहेत. कारण उघड आहे. वर्षावनांची जमीन पिकांना फार काळ साथ देत नाही, शुष्क वनांची जमीन मात्र शेतीला आणि गुरचराईला मानवते, म्हणून ती आधी तोडली गेली. अ‍ॅमेझॉनचे नाव प्रत्येक मुलाच्या ओठी आहे आणि ते असावेही. पण आपण ज्या वनात राहतो ते अ‍ॅमेझॉनहूनही अधिक संकटग्रस्त कुळातले आहे, हे धडगावच्या मुलाला कोणी सांगायचे?

सातपुड्यापासून आरंभ केला तर जग किती सुलभपणे उलगडते, याचे एक उदाहरण घेऊ. वर्गात एकच प्रश्न विचारावा : झाडाला पाणी मिळेनासे झाले तर झाड काय करते? उत्तर मुलांच्या डोळ्यांसमोर असते. पाऊस संपून काही महिने लोटले की साग आपली मोठमोठी पाने टाकून देतो, कारण पानांवाटे वाफ होऊन जाणारे पाणी त्याला परवडत नाही. शेताच्या बांधावरचा निवडुंग निराळा मार्ग काढतो. तो पानांचे काम हिरव्या खोडाकडे सोपवतो आणि खोडातच पाणी साठवतो. येथून वाळवंट एक पाऊल आहे. आता तैगाकडे जावे. तेथे पाण्याची वाण नाही, पण हिवाळ्यात ते गोठलेले असते आणि गोठलेले पाणी मुळांना शोषता येत नाही. म्हणून स्प्रूस-फर यांची पाने सुईसारखी बारीक, मेणचट आवरणाची असतात. आणि अखेरीस खाडीकाठच्या तिवराकडे यावे. तिवराच्या पायाशी पाणीच पाणी आहे, पण ते खारे आहे. म्हणून शोषलेले मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. सागापासून तिवरापर्यंत प्रश्न एकच आहे, उत्तरे चार आहेत. ही चार उत्तरे ज्या मुलाने स्वतः विचार करून शोधली, त्याला चार नैसर्गिक प्रदेशांची वैशिष्ट्ये पाठ करण्याची गरज उरत नाही.

हीच गोष्ट उंचीची. तापीकाठची उन्हाळ्यात भाजून निघणारी सपाटी आणि अकराशे मीटरांहून उंच असलेले तोरणमाळ एकाच जिल्ह्यात आहेत. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी हजारो भाविक अस्तंभ्याचे शिखर चढतात. ते तेराशे मीटरांहून उंच आहे. वर जावे तसा गारवा वाढतो, हे त्या यात्रेतील प्रत्येकाला अंगावरच्या पांघरुणाने शिकवलेले असते. हजार मीटर चढले की तापमान सर्वसाधारणपणे सहा-साडेसहा अंशांनी उतरते, एवढे शिक्षकाने सांगितले की पुढचा प्रवास मुले स्वतःच करतात. हिमालयाच्या पायथ्याशी पानझडी वने, वर देवदार, त्याहून वर खुरटी झुडपे आणि गवत, आणि शेवटी बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत जे पट्टे हजारो किलोमीटरांत पसरले आहेत, ते एका पर्वताच्या उतारावर एकापाठोपाठ एक भेटतात. अस्तंभा चढलेल्या मुलाला टुंड्रा अनाकलनीय वाटण्याचे कारण नाही.

समुद्राचे काय? नंदुरबारला किनारा नाही, मग सागरी अधिवास शिकवताना तरी चित्रांचाच आधार घ्यावा लागणार, असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्रात समुद्राशी इतके थेट नाते सांगणारे अंतर्भागातील जिल्हे थोडेच असतील. राज्यातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जातात. नंदुरबारच्या दोन्ही महानद्या पश्चिमवाहिनी आहेत. नर्मदा जिल्ह्याची उत्तर सीमा आखत भरूचकडे जाते. शहाद्याच्या गोमाईचे पाणी प्रकाशाजवळ तापीत मिसळते, उकाईच्या जलाशयात थांबते आणि सुरत ओलांडून डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्याच रुळांवरून गाडी काही तासांत सुरतेला पोहोचते. आणि समुद्र स्वतः दरवर्षी मृगाच्या सुमारास सातपुड्याच्या भेटीला येतो, कारण नंदुरबारच्या शेतांवर बरसणारा पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून आलेला असतो. आठवडे बाजारात सुक्या मासळीची पाटी घेऊन बसलेली विक्रेती पाहिलेल्या मुलाला समुद्र अगदीच परका कसा म्हणावा?

या नद्या ज्या खंभातच्या आखाताच्या परिसरात समुद्राला मिळतात, ते आखात म्हणजे सागरी भूगोलाची जिवंत प्रयोगशाळा आहे. त्याचा आकार नरसाळ्यासारखा असल्याने आत शिरणारे पाणी अरुंद जागेत चढत जाते आणि भावनगरच्या बाजूला मोठ्या भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांहून अधिक होते. भरती-ओहोटीचा पाठ शिकवताना चंद्र-सूर्यांच्या आकृतीबरोबर हे सांगितले तर मुलांना तीन मजली घराएवढे उठणारे पाणी दिसेल. याच किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न वाट पाहत असतो. कच्छच्या आखातात प्रवाळ आहेत, मालवणच्या समुद्रात आहेत, मग खंभातच्या आखातात ते का बहरत नाहीत? प्रवाळांना स्वच्छ, प्रकाश झिरपणारे पाणी लागते आणि खंभातचे पाणी गाळाने गढूळ असते. त्या गाळात सातपुड्याची माती आहे. धडगावच्या उतारावरील माती वाहून गेली की समुद्रात काय घडते, हे समजण्यासाठी याहून नेमका धडा कोणत्या पुस्तकात सापडेल? नद्यांनी आणलेल्या पोषक द्रव्यांवर खाडीतील सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर कोळंबी आणि मासे पोसले जातात. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाचे जे कार्य चालते, त्यातील सुमारे निम्मे समुद्रातील अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती करतात, हे येथून सांगता येते. आणि हिलसा, ज्याला आपले कोळी पाला म्हणतात, तो तर समुद्रात वाढून पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा मासा. नर्मदेच्या मुखाशी त्याची मासेमारी पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटली आहे. नदीवर बांध घातला की समुद्राच्या ताटातले काय कमी होते, याचे उत्तर त्या माशाच्या वाटेत आहे.

येथे एका अवघड धड्याचाही उल्लेख करावा लागतो. सरदार सरोवरासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९९०च्या दशकात तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर वन मोकळे करण्यात आले. ज्या वनपिंगळ्याच्या शोधाने जग अचंबित झाले, त्याचे एक महत्त्वाचे निवासस्थान हेच तळोद्याचे वन होते. विस्थापितांना जमीन मिळणे हा न्याय होता आणि त्या न्यायाची किंमत जंगलाने मोजली, हेही सत्य आहे. सरोवराच्या पाण्याने गुजरात-राजस्थानातील तहानलेल्या भूमीला आधार दिला, हेही नाकारता येत नाही. विकास विरुद्ध निसर्ग अशा घोषणांच्या लढाईत मुलांना उतरवण्याची गरज नाही. मात्र एका निर्णयाचे पडसाद डोंगर, वन, नदी, समुद्र आणि माणसे यांच्यावर कसे उमटतात, हे तराजूत घालून पाहण्याची सवय ज्यांना शाळेत लागली नाही, ती पिढी उद्या ग्रामसभेत बसून कोणता निर्णय घेणार?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तीच सर्वांत मोलाची आहे. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांचे शाळेचे वर्षही जाते. भिल्ल, पावरा, मावची घरांतील ही मुले वर्गात येतात तेव्हा त्यांच्या बोलीपासून पुस्तकाची मराठी दूर असते, आणि पुस्तकातले जग त्याहून दूर. अशा मुलाला कोणते झाड कधी फुलते, मोह केव्हा गळतो, कोणत्या पाल्याची भाजी होते, कोणत्या नाल्याला केव्हापर्यंत पाणी टिकते, हे सारे ठाऊक असते. वर्गात मात्र या ज्ञानाला गुण नसतात. आपल्याला जे येते ते ज्ञानच नव्हे, असे जेव्हा दहा वर्षांच्या मुलाला कळून चुकते, तेव्हा तो मनाने शाळा सोडतो. प्रत्यक्षात नाव कमी होते ते नंतर. भूगोलाचा वर्ग जर सातपुड्यापासून सुरू झाला, तर त्या तासाला तरी तो मुलगा सर्वांत पुढच्या बाकावर असेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जनजातींच्या मुलांना पुन्हा जंगलच शिकवायचे काय? त्यांच्या पालकांची इच्छा मुलांनी डॉक्टर, अभियंता, अधिकारी व्हावे अशी आहे. स्पर्धा परीक्षेत मोहाच्या फुलांविषयी विचारत नाहीत. आक्षेपामागची तळमळ खरी आहे. स्थानिकतेच्या नावाखाली कोणाला जगापासून तोडणे हा अन्यायच ठरेल. परंतु येथे सांगितले जात आहे ते नेमके याच्या विरुद्ध आहे. सातपुडा हा उंबरठा आहे, तो ओलांडूनच तैगात, सॅव्हानात आणि महासागरात जायचे आहे. पिंडी ते ब्रह्मांडी हे आपल्या परंपरेने शिकवलेले सूत्र शिक्षणशास्त्रालाही मान्य आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणारे शिक्षणच टिकते आणि कारणमीमांसा कळलेला विद्यार्थी स्पर्धा परीक्षेतही पाठांतर करणाऱ्याच्या मागे राहत नाही.

असे शिक्षण शक्य आहे काय, या शंकेला कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील चिमुकल्या देशाने उत्तर दिले आहे. तेथील ग्वानाकास्ते येथे जॅन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चराऊ कुरणे झालेल्या जमिनीवर शुष्क वन पुन्हा उभे केले. १९९९ साली या क्षेत्राला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वनाबरोबरच त्यांनी आजूबाजूच्या प्राथमिक शाळांकडे लक्ष दिले. चौथी ते सहावीच्या मुलांना वर्षभर वेळोवेळी जंगलात आणि समुद्रकिनाऱ्यावर नेऊन तेथेच जीवशास्त्र शिकवले जाते. गावातील, फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्री-पुरुषांना कीटक-वनस्पती गोळा करण्याचे आणि नोंदवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांच्या कामातून विज्ञानाला शेकडो नव्या जातींची ओळख झाली. आपल्याकडेही उदाहरण दूर नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा या गावाने वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. २०२५ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. तेथील रानभाज्यांच्या स्पर्धेत गावातील भगिनी आपले ज्ञान ताटात मांडतात. जे ज्ञान स्पर्धेत मांडता येते ते प्रश्नपत्रिकेत का येऊ नये?

करायचे ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक शाळेने जंगलाचे एक वार्षिक पंचांग ठेवावे. साग निष्पर्ण कधी झाला, पळस कधी फुलला, मोह कधी गळू लागला, पहिला पाऊस कधी आला, नाला कधी आटला, याची तारीखवार नोंद मुलांनी करावी. दहा वर्षांची अशी वही हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही शास्त्रज्ञाला हवीशी वाटेल. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षिली आहे. ती नोंदवही सल्लागाराकडून भरून घेण्याऐवजी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी गावातील जाणत्यांना विचारून भरावी, आणि नावे प्रथम मुलांच्या बोलीत लिहावीत, मग मराठीत. नंदुरबार येथील डॉ. हेडगेवार सेवा समितीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी माती आणि पिकांचे धडे शाळांना द्यावेत. शालेय सहल एखाद्या वर्षी तरी नदीच्या वाटेने काढावी : सकाळी प्रकाशाचा संगम, मग उकाई, आणि दुसऱ्या दिवशी डुमसची ओहोटी. आश्रमशाळांचा कारभार पाहणाऱ्या नंदुरबार आणि तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांना एवढे नियोजन जड जाऊ नये.

शहरांतील वाचकांनीही हा प्रश्न दूरच्या जिल्ह्याचा समजू नये. पुण्या-मुंबईच्या घरांतील मुलांना दूरचित्रवाणीमुळे पेंग्विनचे सारे कुटुंब ठाऊक असते, पण सोसायटीच्या आवारातील झाडाचे नाव सांगता येत नाही. त्यांचा कळसाही काखेतच आहे. सुट्टीत परदेशी सहलींचे बेत आखणाऱ्या कुटुंबांनी एकदा तोरणमाळचा बेत आखावा आणि तेथील शाळेतील मुलांनाच वाटाडे करावे. त्या भेटीत शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे निराळे सांगावे लागणार नाही.

वनपिंगळा आजही जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. तो टिकणार की नाही, हे दूरच्या कुठल्या संग्रहालयात ठरणार नाही. शहादा, तळोदा, धडगावच्या वर्गांत आज बसलेली मुले उद्या या जंगलाचे काय करतात, यावर ते ठरणार आहे. येत्या फाल्गुनात सागाची पाने गळतील, पाठोपाठ मोहाची फुले पडू लागतील. त्या दिवसांत जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने भूगोलाचा एक तास वर्गाबाहेर घ्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.